विहारात नेलेला नारळ

आनंदराव मेश्राम नागपूरच्या एका कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवत. साल चौऱ्याहत्तर असेल. पोरांनी हा विषय घेतला तो परीक्षा नव्हती म्हणून. कुणाच्या घरी देवघरच नव्हतं, कुणाच्या घरी असूनही तिकडे पाहायला सवड नव्हती. आनंदराव जीव ओतून बोलत, पोरं शहाण्यासारखी लिहून घेत, पण तोंड उघडून कुणी काही विचारेल तर शपथ! सोमवारी मी स्वतः येऊन बसतो, प्राचार्यांनी बजावलं, पोरं अशीच मख्ख दिसली तर दिवाळीनंतर तास बंद.

म्हणून रविवारी आनंदरावांनी वर्ग इंदोऱ्याला, आपल्या वस्तीतल्या विहारात नेला. विहाराची देखरेख त्यांच्या काकांकडे, रामाजींकडे. छप्पनच्या बौद्ध धम्मदीक्षेनंतर रामाजींनी देव, नवस, नारळ सगळं सोडलेलं. आणि गोपिका नावाची पोरगी आत आली ती हळदकुंकू लावलेला नारळ घेऊनच.

आनंदराव तिला अडवायला पुढे झाले, पण काकांनी नारळ पाहिला होता.

“काहून आणला वं हा?” रामाजींनी विचारलं.

गोपिकाचे वडील देव न मानणारे डॉक्टर. तिला रीत कोण सांगणार? देवाकडे रिकाम्या हातानं जाऊ नये, असं शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या.

“इथं देव नाही, बाई.”

“मग तुम्ही हात कोणाला जोडता?”

उत्तर आनंदरावांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

रामाजी सतरंजीवर मांडी घालून बसले. “माह्या नातवानंही मले हे कधी विचारलं नाही. ज्यानं वाट दाखवली, त्याले जोडतो. मागायले नाही.”

घरातले देव काढले तेव्हा बायको पंचफुला देव कोपतील या धास्तीनं किती दिवस लेकराच्या कपाळाला हात लावून ताप बघायची, तेही त्यांनी सांगितलं. मग काय, पोरांनी प्रश्नांचा नुसता भडिमार केला. पंचफुलाबाईंनी तोवर नारळ फोडून चिवड्यात घातला होता.

सोमवारी प्राचार्य मागच्या बाकावर येऊन बसले. आनंदराव सुरुवात करणार, तोच गोपिका मागे वळली. “सर, तुम्ही रोज गंध कशासाठी लावता?”

प्राचार्य आधी रागावले, मग अडखळले, मग घंटा झाली तरी बोलतच राहिले. जाताना आनंदरावांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “पुढच्या वेळी ती काय विचारणार ते आधी कळवा. मला आईला विचारून यावं लागेल.”