सांगून जाणे

कोळवणच्या घराला रंग देताना आज माळ्यावर काकांची साप धरायची काठी सापडली. तिचा लोखंडी आकडा गंजला होता. त्या गंजाचा वास बोटांना लागला आणि एक रविवार समोर उभा राहिला.

टीव्हीवर आमची आवडती मालिका लागली होती. तिचा महाबली नायक वेश बदलून सारे शहर वाचवी. बायकोला काळजी नको, म्हणून तिला मात्र काहीच सांगत नसे. तांदूळ पाखडणारी काकू एकाएकी उसळली, "लई शाना! गावाला वाचिवतुया, आन् घरच्या बाईला येडी समजतुया व्हय?"

काका मान खाली घालून हसले. तेही असेच न सांगता जात. साप रानात सोडून परतल्यावरच घरात कळे.

तेवढ्यात दारातून हाक आली. कासार आंबोलीत एका चुलीपाशी नाग निघाला होता. काठी घेऊन निघालेले काका उंबऱ्यावर थबकले आणि प्रथमच म्हणाले, "आंबोलीला जातुया गं. नाग हाय."

"जावा. आन् आल्याचंबी सांगा."

काकूने सूप खाली ठेवले, ती उंबऱ्यावर येऊन बसली आणि काका परतेपर्यंत तिथून हलली नाही. पुढे प्रत्येक वेळी काका सांगून गेले, आणि प्रत्येक वेळी ती तशीच बसली.

तेव्हा मला वाटले होते, काकू जिंकली. आज तसे ठामपणे म्हणवत नाही.

"बाई, काठी टाकायची का?" रंगाऱ्याने दोनदा विचारले. मी ती हातात धरून उंबऱ्यावर बसले आहे.