कुरुंद्याच्या गल्लीतले डोळे

नव्वदच्या दशकात मी वारंगा फाट्यावर दुकानांचे बोर्ड रंगवायचो, फ्रेमही करून द्यायचो. कुरुंद्याला चित्रकला शिकवणारे व्यंकटराव सर एकदा चहा घेता घेता माझे काम बघत उभे राहिले. हात सरळ आहे म्हणाले आणि रविवारी घरी बोलावले. तेव्हापासून मी त्यांचा शिष्य. आज त्यांच्या पंचाहत्तरीला मी माझाच एक गुन्हा कबूल करणार आहे, कारण सरांनी तो कधी कुणाला सांगितला नाही.

सरांनी घरासमोरची गल्ली रंगवली होती. दुपारचे ऊन, दोन्ही कडांना वाळत घातलेली हळद, एक उभी बैलगाडी आणि मधून जाणाऱ्या शेजारच्या गयाबाई. जवळून बघावे तर नुसते पिवळे-जांभळे ठिपके. वर्षभराने ते चित्र प्रदर्शनासाठी निवडले गेले आणि फ्रेम करायला माझ्याकडे आले. आमच्या धंद्यात कड फाटकी राहिली तर गिऱ्हाईक बोर्ड परत पाठवते. मला वाटले, सरांचे घाईत राहून गेले. मी सकाळी बसून दारांना कडा काढल्या, गाडीच्या चाकाला आरे काढले, गयाबाईंना टपोरे डोळे काढले आणि मोठ्या ऐटीत चित्र घेऊन गेलो.

चित्र पाहून सर मटकन खाली बसले. दुसऱ्याच दिवशी ते पाठवायचे होते. सर रागावले नाहीत. त्यांनी मला गल्लीच्या तोंडाशी नेले. समोरून गयाबाई घागर घेऊन येत होत्या.

"इथून त्यांचे डोळे दिसून राहिले का रे तुला?"

दिसत नव्हते. ऊन तेवढे दिसत होते.

नशीब, सरांचे रंग पक्के वाळलेले होते आणि माझे ओले. घरी परतून टर्पेंटाइनच्या फडक्याने सरांनी एकेक रेघ हलक्या हाताने पुसली. खालचे ऊन जसेच्या तसे निघाले. मला रडू आले, सुटल्याचे रडू.

तेवढ्यात गयाबाई दारात आल्या. चित्राकडे बघून म्हणाल्या, "ही म्याच की. पाय वढून चालणं बराबर हाय."

चाकाचा एक आरा पुसायचा राहिला होता. मी फडके उचलले, तर सरांनी माझा हात धरला.

"राहू दे. तूबी याच गल्लीतला हायस."

सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आमच्या चुका पुसणारा त्यांचा हात असाच हलका राहो. प्रदर्शनाहून परत आल्यापासून चित्र त्यांच्या भिंतीवर आहे, आणि तो आरा अजून तिथेच आहे.