पेन्सिल दिसली की पत्रे उतरतात

असे किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाय. माणसं घाबरलेली असली की ते आपोआप साचतात, ओट्यावर धूळ साचते तसे.

आमचा लेक सुधाकर शाळेत ड्रॉइंगचा मास्तर. रविवारी स्कूटर काढतो अन् आजूबाजूच्या गावांत रस्त्याकडंला बसून पाण्याच्या रंगात घरं, दुकानं रंगवतो. भाकरी अन् पाण्याचा कॅन घेऊन मी मागं बसते. रंगवायच्या आधी तो एक डोळा मिटतो, हात लांब करून पेन्सिल उभी धरतो अन् समोरच्या घराचा अंदाज घेतो. सगळा घोटाळा इथंच होतो. शहरात रस्ते रुंद करायला घेतल्यापासून किती घरांची तोंडं पडली! मापं घेणारा माणूस दिसला की लोक हातातली कामं टाकून दारात येतात. आमचंबी घर रस्त्यालाच. गल्लीत जीप थांबली की माझा हात आधी भिंतीवर जातो.

*

लासूर स्टेशनला एका चहाच्या हॉटेलासमोर बसला. पेन्सिल वर गेली, तसा हॉटेलवाला स्टूल घेऊन आला अन् पुढचा पत्रा सोडवायला लागला. सुधाकर म्हणाला, राहू द्या हो, त्याची सावली लई छान पडलीय. तो काय ऐकतो? घामाघूम होऊन पत्रा उतरवला अन् हात जोडून म्हणाला, "साहेब, पत्रा गेला. आता कागदावर नका घेऊ."

चित्रात पत्रा आहे. हॉटेलाला नाय.

*

वैजापुरात एका बाईनं आधी चहा दिला, मग पोहे दिले. मला वाटलं, लई मायाळू बाई. चित्र अर्ध्यावर आलं तशी ती माझ्या कानाशी लागली. "मावशी, तुमच्या लेकाला सांगा ना, आमच्याकडून जरा कमी घ्या. शेजारचं दिराचं हाय, तिकडून काय घ्यायचं ते घ्या."

तेवढ्यात दीर आला. त्याच्या हातात जिलेबीचा पुडा होता.

*

मग सुधाकरनं शक्कल लढवली. पुठ्ठ्यावर 'मी चित्रकार आहे' असं लिहून गळ्यात अडकवलं. सोयगावात लोकांनी तो पुठ्ठा दोनदा वाचला. एक म्हातारा म्हणाला, "व्हय, व्हय. पाडायला आलोय असं कोण लिहून आणतंय?"

घटकाभरात सगळी आळी कुलपं लावून गेली. रिकाम्या रस्त्याचं चित्र मात्र झकास झालं.

*

शहरातल्या जुन्या मोहल्ल्यात जुबेदाखाला म्हणून एक म्हातारी आहे, माझ्याच वयाची. सुधाकरला बघून ती प्लास्टिकच्या पिशवीतून कागद घेऊन आली. निजामाच्या काळातले, उर्दूतले. एकेक करून तिनं ते त्याच्या पुढ्यात मांडले. "बेटा, ये देख लो. घर हमारेच नाम पे है."

सुधाकरनं तिला बसवलं, पाणी दिलं, चित्र दाखवलं. तिला त्यात आपलं हिरवं दार दिसलं अन् ती पांढरीफटक पडली.

"या अल्ला. तुम तो लिख बी लिये."

आता हिला काय समजवायचं? रंग ओला होता. सुधाकरनं ब्रश स्वच्छ पाण्यात बुडवला, दारावरून फिरवला, फडक्यानं टिपून घेतलं. दार गेलं. तेव्हा कुठं खालाचा श्वास खाली बसला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानं तिथंच रंगाचा डबा मिटला. भाकरी तशीच परत आली.

*

अन् हा परवाचा. सुधाकर शाळेत गेलेला. सकाळी दोघं जण आले अन् समोरच्या लिंबाखाली उभे राहिले. एकाच्या हातात पाट, पाटावर कागद. आमच्या घराकडं बघायचं, रेघ मारायची, पुन्हा बघायचं. म्हटलं, सुधाकरच्या चित्रांच्या मंडळीतले असतील. असे कुणीकुणी येतातच.

मी चहा केला. लुगडं बदललं. दोरीवरचे कपडे काढले, घर मोकळं दिसावं म्हणून. पुढच्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. माझी दोन्ही बाळंतपणं ह्याच खोलीत झाली, हेबी त्यांना सांगितलं. म्हटलं, "इथंच बसू ना? माणूस असलं की चित्रात जीव येतो, असं आमचा लेक म्हणतो."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. थोरल्यानं अर्धा चहा तसाच खाली ठेवला अन् पिशवीतून टेप काढली.

"आजी, जरा आत सरका."

"किती?"

त्यानं कागदात बघितलं.

"नऊ फूट."