गहू सोडून काय हाय?

आज सकाळधरनं वारं पडलंय. ऊन असं, की पत्र्याला हात लाववंना. चहूकडून शिजल्या हळदीचा वास येऊन राहिलाय, अन् शेळ्या सावली सोडून हलेनात. अशा दिवशी माणसानं बसावं अन् बोलावं, दुसरं काय? बोलायला आमच्याकडं हॉटेलाचे किस्से लई झालेत. मी काही ते जमवले न्हाईत. दरवेळी आमी नुसते जेवायला गेलो, अन् जेवण तिथंच ठेवून किस्सा घेऊन घरी आलो!

झालं असं. आमच्या म्हातारीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, पोट कैक वर्षं दुखायचं. खाल्लेलं अंगी लागंना, चालता चालता मटकन बसायची. नांदेडच्या डॉक्टरनं रक्त तपासलं, दुर्बीण घालून पोटात बघितलं, अन् म्हणाला, "आजी, तुमच्या आतड्याला गहू चालत नाही. गव्हात ग्लुटेन असतं, त्याचा हा त्रास. पोळी, मैदा, रवा, शेवया, बिस्कीट, सगळं बंद. कणभरसुद्धा नाही. अन् जन्मभर!"

म्हातारी म्हणाली, "जन्म आता राहिलाय किती! करते बंद."

घरात काही तकलीफ न्हाई. जवारी हाय, तांदूळ हाय, बेसन हाय. तब्येत बी सुधारली. पण अंगात जीव आला तशी तिच्या मनातली एक गोष्ट वर आली. म्हणाली, "सारी उमर मी थापलं, मी वाढलं, अन् सगळ्यांच्या मागून चुलीपाशी खाल्लं. मला एकदा हॉटेलात ऐटीत बसून जेवायचं हाय. दुसऱ्यानं वाढायचं, मी नुसतं खायचं."

एवढंच मागणं. पण गव्हाचा कण पोटात गेला की दोन-चार दिवस अंथरूण धरते. तेव्हा हॉटेल बघून निवडायचं होतं.

आमचा शेजारी माणिकराव एसटीत ड्रायव्हर होता, आता रिटायर झालाय. जिल्ह्यातलं एकूण एक हॉटेल त्याला पाठ. छाती ठोकून म्हणाला, "दादा, वहिनीचं टेन्शन माझ्यावर सोडा!"

तवापासून तो हॉटेल सांगून राहिला, अन् आमी जाऊन राहिलो.

*

पहिलं हॉटेल हिंगोलीचं, स्टँडाजवळचं. खुर्चीवर बसलो. मिशीवाला वेटर आला. मी विचारलं, "गहू सोडून काय हाय?"

"तंदुरी रोटी हाय."

"ती कशाची?"

"मैद्याची."

"बापा, मैदा गव्हाचाच असतो."

तो हसला. "न्हाई हो बाबा! गहू पोत्यात येतो, मैदा पुड्यात येतो!"

मी भात विचारला, तर भात संध्याकाळी. मंग त्यानं मालकाला बोलावलं. मालक भला माणूस. बाजूची खुर्ची ओढून बसला अन् शांतपणे मला समजवायला लागला. "बाबा, तुमी शेतकरी माणूस. मला एक सांगा, कोणाच्या वावरात मैदा उगवलेला बघितलाय का?"

"न्हाई."

"मंग! ते कंपनीचं काम हाय!"

म्हातारी माझ्याकडं बघून म्हणाली, "आवो, ह्याला समजावायचं का बस पकडायची?"

बस पकडली.

*

माणिकराव म्हणाला, "शहरातलं सोडा. बाळापूरला जा. ढाब्यावर चुलीवरची जवारीची भाकर मिळते, बोर्डच लावलाय!"

आखाडा बाळापूरच्या बाजारात आमाला बोकड विकायचाच होता. तो विकून ढाब्यावर गेलो. मी शाळेचं तोंड बघितलं न्हाई, बोर्ड वाचता येत न्हाई. पण बोर्डावर चूल काढलेली, अन् लुगडं नेसलेली बाई भाकर थापून राहिलेली. म्हटलं, अक्षर फसवील, चित्र कसं फसवील?

भाकर आली. गोल, पांढरी, मऊ. म्हातारीनं हातात घेतली अन् तिची घडी घातली. मंग आणखी एक घडी घातली. रुमालासारखी घडी झाली, पण भाकर मोडंना!

"आवो, जवारीची भाकर अशी वागत न्हाई," ती म्हणाली अन् उठून सरळ भटारखान्यात गेली. तिथं चूल न्हाई, बाई न्हाई. गॅसपाशी बनियनवर एक बाप्या उभा.

"ह्यात काय घातलं रे बाबा?"

"थोडी कणीक मिसळतो मावशी. निव्वळ जवारी मला थापायला येत न्हाई. तुटते."

"मंग बोर्डावरच्या बाईला बोलव. ती थापील."

तो म्हणाला, "मावशी, ती पेंटरनं आणलेली हाय!"

*

वसमतला आमच्या पोरीचं सासर. तिच्याकडून येताना एका खानावळीत शिरलो. ह्या वेळी मी शहाणपण केलं. गव्हाचं नावच काढलं न्हाई. म्हटलं, "हिला पथ्य हाय."

मालकाचा चेहराच बदलला. "शुगर ना? माझ्या बापाला बी होती. काळजीच करू नका!"

"शुगर न्हाई हो..."

"मंग बीपी. कळलं मला!"

तो आत गेला तो लौकर येईनाच. आमी बसून राहिलो. आजूबाजूचे जेवून हात धुऊन गेले. शेवटी तो स्वतः ताट घेऊन आला. उकडलेला दुधी, त्याला मीठ न्हाई. वरण, त्याला फोडणी न्हाई. लोणचं न्हाई, पापड न्हाई, कांदा बी न्हाई. अन् मधोमध दोन कोरड्या फटफटीत चपात्या!

म्हणाला, "तेलाचा थेंब लावला न्हाई. कणीक बी घरच्या गव्हाची. बेधडक खा मावशी!"

इतक्या मायेनं आणलेलं ताट परत कसं करायचं? दोन्ही चपात्या मलाच खाव्या लागल्या. बिनमिठाचा दुधी बी!

*

तवा म्हातारी म्हणाली, "भाकर मी घरून नेते. भाजी त्यांची घेऊ. बसायचं अन् वाढून घ्यायचं, एवढं तर होईल?"

बराबर बोलली. हिंगोलीतच दुसऱ्या हॉटेलात गेलो. भाजीत मैदा न्हाई, ही खात्री केली. वांग्याची भाजी मागवली. म्हातारीनं ऐटीत पदर सावरला, फडकं सोडलं, भाकर काढली. लगेच मॅनेजर धावत आला. भिंतीकडं बोट दाखवून म्हणाला, "आजी, वाचा काय लिहिलंय!"

"तूच वाच बाबा. आमच्यात वाचणारं कोणी न्हाई."

"बाहेरचे खाद्यपदार्थ आत चालणार नाहीत!"

म्हातारीनं भाकर परत फडक्यात गुंडाळली. मंग म्हणाली, "लेकरा, बाहेरचं तुला आत चालत न्हाई, अन् आतलं मला चालत न्हाई. मंग मी जेवू कुठं, उंबऱ्यावर?"

त्यानं खरंच विचार केला. म्हणाला, "उंबऱ्यावर चालेल, पण जरा बाजूला बसा. गिऱ्हाइकाला वाट राहू द्या!"

*

मंग एका हॉटेलात भात अन् वरण मिळालं. पांढरा भात, पिवळं वरण, गव्हाचा संबंध न्हाई. म्हातारी पोटभर जेवली. मला वाटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी तिनं अंथरूण धरलं!

डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, "वरणात हिंग होता का? बाजारच्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. डबी बघत जा."

आता आली का पंचाईत! त्यानंतरच्या हॉटेलात मी बसायच्या आधी आतच गेलो. आचाऱ्याला म्हटलं, "हिंगाची डबी दाखव."

त्यानं दाखवली. मी ती उलटी-पालटी करून बघितली. वाचता तर येत न्हाई, म्हणून त्यालाच म्हटलं, "ह्यात काय काय घातलंय, मोठ्यानं वाच." मंग मसाल्याचा डबा मागितला. मंग विचारलं, "तळायचं तेल एकच वापरता का?"

आचारी घामाघूम. पळत गल्ल्यावर गेला अन् मालकाच्या कानाला लागला. मालक हात जोडून आला. "साहेब, आधी सांगायचं ना! कोणत्या खात्याकडून?"

"खातं कसलं? माझी बायको बाहेर बसलीय. तिच्या पोटासाठी बघून राहिलो."

"समजलं साहेब, समजलं. म्हणूनच असे धोतरात आलात!" अन् आचाऱ्यावर ओरडला, "साहेबांच्या मॅडमला स्पेशल गुलाबजाम पाठव रे!"

गुलाबजाम बी मैद्याचेच.

*

आता ह्या महिन्यातलं सांगतो.

माणिकराव म्हणाला, "दादा, तुमचं सांगणंच चुकून राहिलंय. बीमारीला कोणी भीत न्हाई, लोक देवाला भितात. माझ्या आईनं काशीला वांगं सोडलं होतं. ती मरेपर्यंत आमच्या घरात वांग्याचा चमचा कोणी दुसऱ्या भाजीत बुडवला न्हाई. तुमी म्हणा, वहिनीनं काशीला गहू सोडला!"

काशीला गेलं की आवडीची एखादी चीज तिथं सोडून यायची अन् पुन्हा जन्मात खायची न्हाई, ही आपली जुनी रीत. म्हातारी कबूल होईना. "मी काशी बघितली न्हाई अन् खोटं काहून बोलू?" मी म्हटलं, "तू बोलू नको, मी बोलतो. तू नुसती जेव."

औंढ्याच्या रस्त्यावर एक ढाबा हाय, तिथं गेलो. मी मालकाला म्हटलं, "हिनं काशीला गहू सोडलाय."

मालकानं कपाळाला हात लावून नमस्कार केला. "गहू! लोक वांगं सोडतात, भोपळा सोडतात. गहू सोडायला जिगर लागते माय!"

अन् मंग काय सांगू! त्यानं तवा राखेनं घासायला लावला. परात तीनदा धुतली. आचाऱ्याला साबणानं हात धुवायला पाठवलं, तरी त्याचं समाधान होईना. म्हणाला, "तुझ्या हाताला सकाळपासनं कणीक लागलीय. तू हो बाजूला!" ढाब्यामागंच त्याचं घर. तिथून जवारीचं पीठ आणलं, बिनहिंगाची आमटी टाकली, अन् भाकरी थापायला त्याची म्हातारी आई स्वतः येऊन बसली. इतक्या दिवसांत डॉक्टरच्या नावानं जे झालं न्हाई, ते काशीच्या नावानं घटकाभरात झालं!

ताट आलं. भाकर अशी, की बोट लावताच मोडली. आमची म्हातारी खुर्चीवर मांडी घालून बसली. मालकाची आई बाजूला उभी राहून आग्रहानं वाढून राहिली. "अजून घ्या माय. आमटी घ्या. लाजू नका." ह्या बाईला असं कोणी कधी वाढलं असंल? माझ्या बी डोळ्यात पाणी आलं. मी ठेच्याचं निमित्त केलं.

अर्धी भाकर झाली तवा त्या आईनं विचारलं, "काशी कशी हाय हो माय? माझं जाणं झालं न्हाई. आता गुडघे गेले. तुमच्या पायाला हात लावते, तेवढीच माझी काशी."

अन् ती वाकायला लागली.

मी टेबलाखालून म्हातारीचा पाय दाबला. पण तिनं हातातला घास ताटात ठेवला अन् त्या बाईचे दोन्ही हात धरले. "बाई, माझ्या पाया पडू नको. म्या काशी बघितली न्हाई. नांदेडच्या पुढं मी गेलेच न्हाई. मला गव्हाची बीमारी हाय. डॉक्टरनं सोडायला लावलाय."

मालक माझ्याकडं बघायला लागला, मी पाण्याच्या तांब्याकडं.

"म्हणजे काशीला सोडला न्हाई?" मालकानं विचारलं.

"न्हाई."

"नुसती बीमारीच हाय?"

"व्हय."

मला वाटलं, आता हा हाकलून देतो. पण त्यानं मोठा श्वास सोडला अन् डोक्याचा घाम पुसला. "मंग आधी सांगायचं ना बाबा! मी किती भेव घेतलं! म्हटलं, चुकून कण गेला तर पाप माझ्या माथ्यावर!" मंग तंदूरकडं तोंड करून ओरडला, "ए, होऊ दे आपलं नेहमीचं!" अन् तूप लावलेली गरम रोटी आणून स्वतःच्या हातानं म्हातारीच्या उरलेल्या भाकरीवर ठेवली.

"खा आजी, आता काही टेन्शन न्हाई!"

म्हातारीनं ताटाला नमस्कार केला अन् उठली. बसमध्ये मला म्हणाली, "भाकर चांगली थापली होती त्या बाईनं. अन् वाढत बी होती मनापासून."

माणिकराव ओट्यावर वाटच बघत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं डोकं खाजवलं. मंग म्हणाला, "दादा, आता एकच इलाज राहिला. वहिनीला खरंच काशीला न्या अन् गहू सोडून आणा. रिझर्वेशन मी करून देतो. पण जाता-येता रस्त्यात जेवायचं कुठं, तेवढं मला विचारू नका!"