बोली निराळी, अक्षरं तीच

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. आमच्या तालुक्याच्या हायस्कूलमधले इतिहासाचे सर. वडील बाजार समितीत हमाल होते. दहावीनंतर मी आडत दुकानात कामाला लागायचं, असं घरात ठरलं होतं. तेव्हा सर तीन संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. तिसऱ्या दिवशी वडील म्हणाले, "सर, तुम्ही रोज असंच येणार का?"

"येणार. मला रिटायर व्हायला अजून बारा वर्षं आहेत," सर म्हणाले.

वडील हसले. मी डिप्लोमाला गेलो, पुढे इंजिनिअर झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर.

सर इतिहास वर्गाबाहेर नेऊन शिकवायचे. नववीच्या पुस्तकात चीनच्या छिन घराण्याबद्दल जेमतेम दोन ओळी होत्या. त्या वाचून झाल्यावर सरांनी आम्हाला सुतळी दिली आणि आठवडी बाजारात नेलं. तिथे सोडलेल्या बैलगाड्यांच्या दोन चाकांमधलं अंतर आम्ही मोजलं. अकरा गाड्या, पण फरक बोटभर. सुतारकाका बघत होते. ते म्हणाले, "अहो सर, रस्त्यात चाकोरी पडलेली असते. गाडी तिच्याहून रुंद केली तर एक चाक वर, एक खाली. बैल मला शिव्या देतील."

"ऐका," सर आम्हाला म्हणाले. "हेच बावीसशे वर्षांपूर्वी त्या सम्राटाला कळलं. त्याने अख्ख्या देशात गाडीचा आस एका मापाचा केला. वजनं एक, मापं एक, लिहायची अक्षरं एक. घराणं टिकलं फक्त पंधरा वर्षं. माझी नोकरी त्याहून जुनी आहे. पण त्याने बसवलेली घडी मोडली नाही."

आता मी स्टुटगार्टजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मोजमापाच्या खोलीत काम करतो. चाक ज्यावर बसतं तो भाग आराखड्याप्रमाणे झाला आहे की नाही, हे तपासतो. सरांना हे कळवलं तेव्हा त्यांनी उलट लिहिलं, "म्हणजे सुतळी अजून हातातच आहे." सरांना आता अजिबात ऐकू येत नाही. फोनचा उपयोग नाही, आणि फोनवर टाइप केलेलं वाचायला त्यांना आवडत नाही. त्यामुळे आमचं बोलणं म्हणजे कागदावरची पत्रं. मी पाठवलेलं पत्र ते रिटायर झाल्यावरही शाळेत नेतात आणि एखाद्याला मुलांसमोर वाचायला लावतात.

इथेच माझी चूक झाली. पत्र कसं लिहायचं हे मला सरांनीच शिकवलं होतं, परीक्षेतल्या पाच मार्कांसाठी. वर मायना, मग 'आपल्या आशीर्वादाने मी इथे कुशल आहे', मग विषय, मग थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. सहा वर्षं मी त्याच नमुन्यात लिहीत आलो. बर्फ पडला, कुशल. नवीन घर मिळालं, कुशल. वडील गेले तेव्हा तिकीट मिळेपर्यंत तिसरा दिवस उलटला होता. त्यानंतरच्या पत्रातही पहिली ओळ तीच होती.

खरं असं होतं की दुपारी कॅन्टीनमध्ये लोक एकमेकांना 'मालत्साइट' म्हणतात, जेवताना म्हणायचा शब्द, आणि काही दिवस कामाव्यतिरिक्त माझ्याशी कुणी बोललेला तेवढाच शब्द असे. घरी चढावरच्या रस्त्याने तिसऱ्या मजल्यावर जायचं. आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी असते. पाळी आली की शेजारच्या आजी एक लाकडी पाटी माझ्या दाराच्या मुठीला अडकवून जातात. मी पाटी बघून जिना झाडतो आणि शनिवारी ती पुढच्या दाराला अडकवतो. दोनदा मी मुद्दाम बेल वाजवून पाटी हातात दिली. आजी "गेनाऊ" म्हणाल्या, म्हणजे 'बरोबर', आणि दार लावून घेतलं. त्यांचं काही चुकलं नाही. पाटी अडकवायचीच असते.

गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला सरांचं पत्र आलं. आमच्याच शाळेतून शिकलेल्या एका मुलीला जर्मनीत एम.एस.साठी प्रवेश मिळाला होता. वडील शिंपी. ते म्हणाले होते, "सर सांगतील तसं." आणि सरांनी मला लिहिलं होतं, "मी तुझ्या शब्दावर सांगणार आहे. तिथे एकट्या मुलीने राहावं असं आहे का? तुझ्या पत्रांवरून तर आहे असंच वाटतं."

मी चार वेळा कागद घेतला. खरं लिहिलं तर शिंपीकाका मुलीला पाठवणार नाहीत, आणि माझ्यासाठी ओट्यावर बसलेला माणूस तिच्यासाठी उठून जाईल. नेहमीसारखं लिहिलं तर ती माझ्या सहा वर्षांच्या 'कुशल'वर विसंबून विमानात बसेल.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक चिनी सहकारी बसते. आम्ही दोघं मोडक्या जर्मनमध्ये बोलतो, अडलो की इंग्रजीत. त्या आठवड्यात ती जेवताना एक पत्र वाचत होती. मी विचारलं तर म्हणाली, "आजीचं. आजीची किनाऱ्यावरची बोली मला समजत नाही आणि माझी शहरी भाषा तिला कळत नाही. समोर बसलो तरी आम्ही लिहूनच बोलतो. अक्षरं एकच आहेत ना."

मी उत्साहाने छिन घराणं, सर, सुतळी, सगळं सांगितलं.

"तुझ्या सरांना सांग, त्या सम्राटाचे रस्ते खणणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "दुसऱ्या राज्यांची अक्षरं पुसली, पोथ्या जाळल्या. पण हो, त्यामुळेच मला माझी आजी मिळाली."

मग तिने पत्र माझ्यापुढे धरलं. मधेच एक रिकामी चौकट काढलेली होती.

"हे कुठलं अक्षर?"

"अक्षर नाही. आजीच्या बोलीतल्या काही शब्दांना अक्षरच नाही. तिथे ती चौकट काढते, दुसरा जवळचा शब्द घालत नाही. मग मी फोन करते आणि ती तो शब्द म्हणते."

"तुला कळतो?"

"नाही. पण ती म्हणते, मी ऐकते."

मी तिला माझी अडचण सांगितली. सहा वर्षं काय लिहिलं तेही सांगितलं. ती हसून म्हणाली, "ही पत्रं नाहीत रे, तपासणीचे अहवाल आहेत. माप बरोबर, खाली सही."

मला थोडा राग आला, पण खोटं काही नव्हतं त्यात. त्या रविवारी मी पाचव्यांदा कागद घेतला. हे ते पत्र.

सर,

हे पत्र शाळेत वाचायला देऊ नका. त्या मुलीला आणि तिच्या वडिलांना मात्र सगळं वाचू द्या.

मी इथे एकटा आहे. काम चांगलं आहे, माणसं सरळ आहेत, कुणी मला वाईट वागवलेलं नाही. तरी शुक्रवारी कामावरून आलो की सोमवारपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. वडील गेले तेव्हा मी स्वयंपाकघरात उभा राहून भांडी घासत होतो, कारण रडायला सुरुवात कुणासमोर करायची ते कळेना. हे तुम्हाला आजवर लिहिलं नाही. तुम्हाला वाटेल की तुम्ही मला पाठवून चूक केली, ही भीती होती. चूक केली नाही. मला परत विचारलंत तरी मी इथेच येईन. पण मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, ते मी तिला सांगतो आहे.

आल्यावर पहिल्याच महिन्यात कुणाच्या तरी घरी जायला शिकावं, न बोलावताही. मला ते जमलेलं नाही. ती येईल त्या गावाहून माझ्याकडे गाडीने दोन तास लागतात. रविवारी जेवायला यावं. माझा स्वयंपाक बेताचा आहे.

सर, यावेळी 'मी सांगतो तसं करा' असं तुम्ही म्हणू नका, आणि मीही म्हणणार नाही. तिला वाचू द्या आणि काय ते तिला ठरवू द्या. उत्तरही तिनेच लिहावं, तिला हवं तसं.

तुमचा विद्यार्थी