घोंगडीची ओळख

दिंद्रुड गावाच्या पलीकडे धरणाचं फुगवट्याचं पाणी आहे. दिवाळीनंतर ते मागे सरलं की कोवळं गवत उगवतं आणि त्यावर हिमालयापलीकडून हंस उतरतात. करडे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. गावाला त्यांचं काही सोयरसुतक नाही. त्यांची वाट बघणारा गावात एकच, मेंढपाळ बंकट. लोक पाखरांना ‘बंकटचे पाव्हणे’ म्हणून चिडवायचे, आणि तोही खुशाल चिडवून घ्यायचा.

माणूस दिसला की ही पाखरं लांबूनच उडतात. बंकटनं मात्र कितीतरी हिवाळे घोंगडी पांघरून, मेंढरांसोबत नुसतं बसून काढले होते. ना हाक, ना खडा. शेवटी पाखरांनी ठरवलं असावं की काळी घोंगडी म्हणजे मेंढरांतलंच काहीतरी. ती त्याच्या पायाशी चरू लागली. पोरं पुण्याला गेली ती तिकडचीच झाली, पण पाव्हणे दरसाल येतात, याचं त्याला केवढं अप्रूप!

माजलगावच्या रोहिणीमॅडम दुर्बीण घेऊन पक्षी बघायला यायच्या. बंकट त्यांना आपली घोंगडी पांघरायला द्यायचा. पाखरं इतकी जवळ येत की दुर्बीण गळ्यातच राहायची. यंदा हे गावातल्या पप्पूनं पाहिलं.

“आबा, मला बी एक दिवस घोंगडी द्या की. फोटू काढायचेत.”

आंधळा मागतो एक डोळा! गावात कुणाला तरी पाखरांचं वेड लागलं म्हणून बंकट हरखला. घोंगडी तर दिलीच, वर कुठं बसायचं, किती हळू उठायचं, तेही शिकवलं.

संध्याकाळी घोंगडी परत आली. लोकरीत पिसं अडकली होती, रक्त वाळलं होतं.

“लई गरीब पाखरं हो तुमची,” पप्पू हसत म्हणाला. “अंगावर जाळं पडस्तोवर उडंनात. परवा पुन्यांदा लागंल घोंगडी. शेतावर पार्टी हाय.”

“न्हाई द्यायचा मी.”

“नका देऊ. बाजारात काय कमी हायेत?”

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. बंकट भाकरीला शिवला नाही. मॅडम फोनवर रडल्या, वनखात्याला कळवते म्हणाल्या. पण परवाचा दिवस काही लांब नव्हता.

“रडून काय व्हतंय?” बायको बायनाबाई म्हणाली. “तुमीच माणसाळवलंय त्यान्ला. आता तुमीच भ्यायला शिकवा.”

सकाळी घोंगडी पांघरून, मेंढरं घेऊन तो पाण्याकडे गेला. पाखरं चरत होती. जाळ्याला भ्याली असतील, घोंगडीला नाही. बंकट काठी उगारून त्यांच्यात घुसला.

“हुर्र! पळा! मी माणूस हाय! माणूस!”

ती दोन पावलं बाजूला झाली. त्यानं ढेकूळ फेकलं, तर एक पाखरू ते खायचं आहे का बघायला आलं. मग त्यानं डोळे मिटून दगड मारला. तो त्याच पाखराच्या पंखाला लागला. ते ओरडलं, धडपडलं, आणि पंख ओढत आसऱ्याला बंकटच्याच मेंढरांत शिरलं.

दुसरा दगड त्याच्या हातातच राहिला. पप्पूची पार्टी उद्यावर आली होती.