सिंगापूरच्या बाजारात आलेली ओ

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना तोंडावर हसणारी बाई मी. आजही हसते. म्हणूनच हे घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं...

मी जंगलातल्या धानोरा गावची. पन्नासच्या दशकात यांना सागवानाच्या एका कंपनीने सिंगापूरला पाठवलं आणि चार वर्षांच्या नलूला घेऊन मीही गेले. बाई गं, काय ते शहर! डोक्यावरच्या तारांना लटकून धावणाऱ्या बसेस, चिनी पाट्या, फुलाफुलांच्या लुंग्या नेसलेल्या मलय बाया, दारोदार सरदारजी पहारेकरी, एकाच रस्त्यावर मशीद आणि तमिळ लोकांचं देऊळ! पहिला आठवडा मी नुसती तोंड उघडं टाकून हिंडले. तिथेच घात झाला.

नदीकाठच्या बाजारात, भर सकाळी, एका चिनी दुकानात मी रेशमाचा तागा बघत होते. मागे वळले तर नलू नाही.

भाषा येत नाही, रस्ते माहीत नाहीत, हे कामावर. नाव घेऊन ओरडायला हवं होतं ना? पण आमच्याकडे जंगलात मोहफुलं वेचताना पोरांना नावाने हाक मारत नाहीत — जंगलाला नाव कळू द्यायचं नसतं म्हणे. तोंडाशी हात धरून 'कूऽऽ' करायचं, पोर तशीच ओ देतं. घाबरल्यावर माझ्या तोंडून तेच निघालं. लोक हसले. हसेनात का!

आणि ओ आली. 'कूऽऽ'... उजवीकडच्या गल्लीतून.

मी धावत सुटले. मासळीवाले, उदबत्त्यांचा धूर, गोण्या वाहणारे हमाल — सगळ्यांना धडकत. प्रत्येक वळणावर मी हाक मारायची आणि पुढून ओ यायची. शेवटच्या वळणावर इतकी धाप लागली की आवाजच फुटेना. मी हाक मारलीच नाही. तरी समोरून 'कूऽऽ' आलं.

गल्ली संपली, समोर नदी. घाटाच्या शेवटच्या पायरीवर नलू. एक पाय पाण्यात, दुसरा उचललेला. फ्रॉकला धरून मागे ओढली, आधी एक धपाटा घातला, मग तिला कवटाळून रडले.

"काऊन आली वं इथी? ओ देत होती, तं एका जागी थांबाचं नाई?"

"मी नाई देली ओ," नलू हुंदके देत म्हणाली. "मी तं चूपच होती. तूच कू करून राह्यली होती... तिकडून."

तिने पाण्याकडे बोट दाखवलं. तिथे कुणी नव्हतं. होड्यासुद्धा लांब, पलीकडच्या काठाला.

हे म्हणाले, प्रतिध्वनी असेल. असेल बाबा! पण न मारलेल्या हाकेचा प्रतिध्वनी कुठला? त्या आवाजामागे धावले म्हणून माझी पोर मला मिळाली, त्याचे उपकार मानावेत म्हटलं... तर तोच तिला पाण्यात बोलावत होता. मला अजून काही उलगडत नाही.

नलू आता दोन लेकरांची आई आहे. तिला विचारलं की एकच सांगते, "माय, आवाज तुहाच होता."